आत कुणी नसलं तर?

ताउनो केत्तुनेन यांचा अपमान झाला तो ऑक्टोबरच्या शेवटच्या मंगळवारी, सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी, चार नंबरच्या बसमध्ये. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण पुढचे तीन महिने ते ती भेटेल त्याला सांगत होते.

त्याचं झालं असं. रोजच्यासारखे ते रुसीनाला घेऊन कुत्र्यांच्या कुंपणात गेले. रुसीना डॅशहुंड जातीची. लांबीला भरपूर, उंचीला नाममात्र. कुंपणाला दोन फाटकं आहेत, एकामागे एक. बाहेरचं लावायचं, मगच आतलं उघडायचं, म्हणजे कुठलंही कुत्रं निसटत नाही. ही गोष्ट ताउनोंना शिकवायची कुणाची टाप नव्हती. चौतीस वर्षं ते लिफ्ट तपासनीस होते आणि त्यांनी पास केलेली एकही लिफ्ट दार उघडं ठेवून जागची हलली नव्हती. तर ते आत गेले, फाटकं ओढून घेतली, रुसीनाचा पट्टा सोडला, थर्मासमधली कॉफी ओतली आणि घोट घेणार तोच वळून पाहतात तर फाटकं सताड उघडी. फाटकात सेइया रांतानेन उभ्या. शेजारी त्यांची पुल्ला, अंगाने वासराएवढी. आणि पुल्लाच्या चार पायांमधून वाकायचीही गरज न पडता रुसीना पसार झालेली.

"गेली हो तुमची," सेइयाबाई म्हणाल्या. बस्स, एवढंच. ना माफी, ना चुकचुकणं.

ताउनो धावले. त्रेसष्टाव्या वर्षी, ओल्या पानांवरून, हातात भरलेला कप घेऊन. रुसीना सरळ बसथांब्यावर गेली, चार नंबरची बस आली, दार उघडलं, ती चढली, दार मिटलं. ताउनोंनी धावत पुढच्या थांब्यावर बस गाठली तेव्हा ती सापडली. खिडकीजवळच्या जागेवर बसून बाहेर बघत होती. बस भरलेली होती, सहा माणसं उभी होती, पण तिच्या शेजारची जागा रिकामी. अनोळखी प्रवाशाच्या शेजारी जाऊन बसायची आपल्याकडे पद्धत नाही, मग तो प्रवासी कुत्रा का असेना.

"हिला कुणी काही विचारलं नाही?" ताउनोंनी ड्रायव्हरला विचारलं.

"शांत बसली होती की," ड्रायव्हर म्हणाला. "तुम्हीच ओरडताय."

हाच तो अपमान. ते सबंध बससमोर ओरडले होते. आणि ही वेळ त्यांच्यावर कुणी आणली? फाटक उघडं टाकणाऱ्या बाईने. तोंडावर तसं बोलणं शक्यच नव्हतं. त्या बाईला ते सहा वर्षं रोज सकाळी भेटत होते; एवढ्या थोड्या ओळखीवर माणूस भांडू शकत नाही. म्हणून त्यांनी सभ्य माणूस करतो तेच केलं. चिठ्ठी लिहिली आणि फाटकाशेजारच्या सूचनाफळ्यावर टाचली.

"ज्या कुणी मंगळवारी सकाळी दोन्ही फाटकं उघडी ठेवली, त्यांनी यापुढे काळजी घ्यावी ही विनंती. एक कुत्रामालक."

दुसऱ्या दिवशी त्याखाली हिरव्या पेन्सिलीने कुणीतरी लिहिलं होतं, "तिसऱ्या बर्चच्या झाडाखाली कुणाच्या कुत्र्याची घाण असते तेही कळलं तर बरं होईल."

ताउनोंच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. तिसरा बर्च म्हणजे रुसीनाचा बर्च, हे अख्ख्या कुंपणाला ठाऊक होतं. आणि ताउनो पिशवीशिवाय घराबाहेर पडत नसत. रविवारच्या कोटाच्या खिशातसुद्धा तीन पिशव्या घडी घालून ठेवलेल्या असत; मेहुण्याच्या अंत्ययात्रेत रुमाल काढायला गेले तर पिशवीच हाती आली होती. त्यांनी घरी येऊन अर्ध्या पानाचा खुलासा लिहिला. तो टाचायला गेले तर हिरव्या पेन्सिलीखाली तिसरंच अक्षर होतं: "बर्च चौथा. तिसरा वाळला तो गेल्या वर्षी तोडला."

"इर्मेली, माझ्यावर आळ घेतलाय," त्यांनी घरी आल्या आल्या बायकोला सांगितलं.

इर्मेली औषधांच्या दुकानात नोकरी करत होती आणि अजून दोन वर्षं करणार होती. नवरा वसंतात निवृत्त झाल्यापासून तिला ती दोन वर्षं कमी वाटू लागली होती. "अरे, त्या बाईंना सरळ विचार ना," ती म्हणाली.

"काय विचारू? तुम्ही फाटक उघडं का ठेवता, असं? तोंडावर?"

"मग सोडून दे."

"सोडून देऊ? आज फाटक सोडायचं, उद्या लिफ्ट!"

आता खरं सांगायचं तर प्रश्न फाटकाचा नव्हता, आणि हे इर्मेलीला कळत होतं. निवृत्तीनंतर दिवसाकाठी ताउनोंशी जी काय चार माणसं बोलत ती त्या कुंपणातलीच. तिथे त्यांना ताउनो कुणी म्हणत नसे. तिथे ते रुसीनाचे बाबा. सेइयाबाई म्हणजे पुल्लाची आई, आणि तो स्पिट्झवाला दाढीवाला गृहस्थ म्हणजे सुलोचे बाबा. बाहेरून येणाऱ्याने कुंपणाशी उभं राहून "येऊ का?" विचारायचं, आतल्यांनी "नर की मादी?" विचारायचं, मग सगळ्यांनी मिळून हवेला नावं ठेवायची. एवढंच बोलणं, पण त्याच्यावर माणसाचा दिवस निघतो. ते कुंपण सुटलं असतं तर ताउनोंकडे थर्मासखेरीज काही उरलं नसतं. आणि त्याच कुंपणात त्यांच्यावर घाणीचा आळ!

तेव्हा त्यांनी ठरवलं, आता कायमचा फलक लावायचा. श्वानबागेत शिष्टाचार कसा पाळावा, सुरक्षितता कशी राखावी, सगळं एकदाच, पत्र्यावर, पुसता न येणाऱ्या अक्षरांत.

पालिकेतल्या बाई फोनवर फार गोड बोलल्या. त्यांनी सांगितलं की कुंपण पालिकेचं असलं तरी फाटकं शेजारच्या गृहसंस्थेची आहेत, कारण पूर्वी तिथे गालिचे झटकायची जागा होती. गृहसंस्थेच्या व्यवस्थापकाने सांगितलं की फाटकं आमची, पण फलक फाटकावर लावला तर तो कुंपणाकडे तोंड करून असणार, म्हणजे पालिकेला विचारा. पालिकेतल्या बाईंनी तीन आठवडे विचार करून कळवलं की फलकाला हरकत नाही, पण एकट्यादुकट्याला तशी परवानगी देता येत नाही. अर्ज एखाद्या नोंदणीकृत मंडळाने करावा. मंडळाला किमान तीन सभासद हवेत.

"मी आणि तू, दोन झाले," ताउनो म्हणाले.

"माझी एक अट आहे," इर्मेली म्हणाली. "सौनाच्या वाफेत फाटकाचा विषय काढायचा नाही. गुरुवारी एक तास मला घाम गाळू दे."

तिसरा सभासद मात्र मिळेना. सुलोच्या बाबांना विचारलं तर ते "बघू" म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून सातलाच येऊन जाऊ लागले. एका बाईंनी तर फॉर्म पाहताच कुत्र्याला घाईची लागल्याचं सांगितलं, आणि कुत्रं शांतपणे झोपलेलं. शेवटी एका सकाळी सेइयाबाईच त्यांच्यापाशी आल्या. सत्तरी उलटलेली, दोन हातांत चालायच्या दोन काठ्या, गुडघा दुखरा.

"आणा तो कागद," त्या म्हणाल्या. "मी सही करते."

म्हणजे आरोपीनेच न्यायालय स्थापायला मदत करावी, असा प्रकार. ताउनोंना तो निर्लज्जपणा वाटला. पण कायदा तीन सभासद मागत होता, तिसऱ्याचं मन शुद्ध असावं असं काही तो म्हणत नव्हता. त्यांनी कागद पुढे केला.

कुंपण शिस्त मंडळाची पहिली सभा ताउनोंच्या स्वयंपाकघरात भरली. कॉफी होती, वेलदोड्याचे गोड पाव होते, आणि एकेचाळीस नियमांचा मसुदा होता. चार तास घासाघीस होऊन तेवीस उरले. भाजलेलं मांस, बिस्किटं, चेंडू आत आणू नयेत. माजावर आलेली मादी आणू नये. पट्टा दोन फाटकांच्या मधे सोडावा. तेविसावा नियम ताउनोंनी सेइयाबाईंकडे रोखून बघत वाचला: "जी व्यक्ती फाटक नीट न लावता सोडील, तिला तीस दिवस प्रवेशबंदी."

सेइयाबाई पाव कॉफीत बुडवत होत्या. "योग्य आहे," त्या म्हणाल्या. "मला तो पहिला जरा खटकतोय. काय होता हो?"

"आत येण्यापूर्वी बाहेरूनच विचारावे. आतील व्यक्तीने होकार दिल्याशिवाय फाटक उघडू नये."

"आत कुणी नसलं तर?"

"आत कुणीतरी असतंच," ताउनो तुटकपणे म्हणाले. सहा वर्षांत ते आठ वाजता पोचले आणि आत कुणी नाही असं झालंच नव्हतं. हे प्रश्नोत्तर त्यांनी इतिवृत्तात जसंच्या तसं नोंदवलं. इतिवृत्त लिहिताना त्यांचा हात अजूनही सरकारी होता.

फलक जानेवारीच्या मधल्या सोमवारी लागला. मंगळवारी तापमान वजा चौदा. ताउनोंनी फरची टोपी घातली, तिचे कान हनुवटीखाली बांधले, जाड हातमोजे चढवले आणि आपला फलक बघायला रुसीनासह निघाले. लांबूनच त्यांना दिसलं की फाटकाबाहेर पाच माणसं आणि पाच कुत्री उभी आहेत. माणसामाणसांत दोन-दोन मीटर अंतर. आत बर्फाचं कोरं मैदान, त्यावर एक पाऊल उमटलेलं नाही.

"काय झालं?" ताउनोंनी विचारलं.

"थांबलोय," सुलोचे बाबा म्हणाले. त्यांच्या दाढीवर दव गोठलं होतं.

"कशासाठी?"

"आत विचारायचंय."

"कुणाला?"

"तेच बघतोय. मी सातपासून आहे."

ताउनोंनी आत पाहिलं, मग फलकाकडे पाहिलं. नियम पहिला, ठळक अक्षरांत. त्यांच्या मनात आलं की दार उघडून सरळ आत जावं. पण ज्याने नियम लिहिला त्यानेच पहिल्या दिवशी मोडायचा? मग त्या हिरव्या पेन्सिलीला रान मोकळं. ते रांगेत सहावे उभे राहिले.

दहा मिनिटांनी सेइयाबाई आल्या. त्यांनी चष्मा पुसून तेवीसच्या तेवीस नियम वाचले. मग रांगेकडे पाहिलं.

"तरी मी विचारलं होतं," त्या म्हणाल्या.

"इतिवृत्तात आहे. मीच लिहिलंय."

"मग करा दुरुस्ती."

"सर्वसाधारण सभा घ्यावी लागेल. चौदा दिवस आधी नोटीस."

रांगेतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. हे सगळ्यांना रास्तच वाटलं. सुलोच्या बाबांनी बोटं मोजली आणि म्हणाले, "म्हणजे महिनाअखेर." कुणीतरी निघायचीही तयारी केली.

नियम मानत नव्हती ती एकटी रुसीना. कुंपणाच्या कडेला जमीन थोडी खचली होती आणि तिथे जाळीखाली फक्त बर्फ होता. तिने मान खाली घातली, ढुंगण हलवलं, पट्टा ताउनोंच्या जाड हातमोज्यातून निसटला, आणि बर्फातून बोगदा काढून बाईसाहेब आत प्रकट झाल्या.

"आता आत आहे कुणीतरी," सुलोचे बाबा म्हणाले.

सेइयाबाईंनी गंभीरपणे जाळीला तोंड लावलं. "रुसीना, येऊ का गं आम्ही?"

"ही थट्टा आहे!" ताउनो कडाडले. "ती माझी कुत्री आहे!"

"असेल. पण ती आत आहे आणि तुम्ही बाहेर."

रुसीनाला उत्तर द्यायला सवड नव्हती. बर्फ उकरून तिने काहीतरी काळं उपसलं होतं आणि ती ते गिळायला बघत होती. हाड असेल तर घशात अडकेल! ताउनोंनी नियमबियम गुंडाळून ठेवले, आत घुसले, गुडघ्यावर बसले आणि तिच्या जबड्यात दोन्ही हात घातले. निघाला डिसेंबरात हरवलेला त्यांचाच हातमोजा.

"येऊ का?" बाहेरून एका सुरात आलं.

"या! या एकदाचे!"

सगळे आत आले, फाटकं लागली, कुत्री सुटली. पण तो बोगदा बुजवायला हवा होता, म्हणून ताउनो पुन्हा बाहेर गेले, लाथेने बर्फ दाबला आणि शेवटी एकटेच परत आले. सगळी मंडळी फाटकासमोर कॉफी पीत उभी होती. अशी सभा परत कधी जमायची? ताउनोंना राहवलं नाही.

"आता सगळे इकडे आहात तर एकदाच बघून घ्या," ते म्हणाले. "हे बाहेरचं फाटक. असं ओढायचं. आता हे आतलं. असं. चौतीस वर्षं मी हेच सांगत आलो. दार लावायला अक्कल लागत नाही, लक्ष लागतं." हे म्हणताना त्यांची नजर सेइयाबाईंवर होती. मग त्यांनी फाटकाकडे पाठ केली आणि थर्मास उघडला.

पुल्लाला पाठ खाजवायची होती. ती आतल्या फाटकाला जरा टेकली. फाटक उघडलं. ती बाहेरच्या फाटकापाशी गेली. तेही उघडलं.

"पुल्ला!" सेइयाबाईंचा आवाज ताउनोंनी पहिल्यांदाच एवढा चढलेला ऐकला. त्यांनी काठ्या टेकत दोन पावलं टाकली आणि गुडघा धरून थांबल्या. खालच्या रस्त्यावरून बर्फ उपसणारी गाडी पिवळा दिवा फिरवत येत होती. पुल्ला तिच्याच दिशेने, मजेत, कान उडवत चालली होती.

ताउनो धावले. एकदा पडले, उठले, परत पडले आणि उरलेला उतार बसूनच उतरले. गाडी गेली आणि बर्फाचा फवारा त्यांच्या अंगावरून गेला. डोळे पुसून बघतात तर पुल्ला पलीकडे बसथांब्यावर, लोकांच्या रांगेत, पुढच्या माणसापासून दोन मीटर अंतर राखून बसलेली. तेवढ्यात चार नंबर आली. दार उघडलं. ताउनोंनी तिच्या गळ्यात दोन्ही हात टाकले.

ड्रायव्हरने वरून पाहिलं. "हीसुद्धा तुमचीच का?"

ते पुल्लाला घेऊन वर आले तेव्हा सगळे आपापल्या कपात बघत होते. सेइयाबाईंनी पुल्लाचं डोकं छातीशी धरलं.

"मी लावलं होतं," ताउनो म्हणाले. "तुम्ही सगळ्यांनी पाहिलं. मी ओढून घेतलं होतं!"

"ओढलं होतंत," सेइयाबाई म्हणाल्या. "शेवटी जरा दाबावं लागतं. खटका बसला की खट् असा आवाज येतो. तुमचे कान टोपीत असतात हो. ऑक्टोबर ते एप्रिल तुम्हाला तो ऐकूच येत नाही."

"ऑक्टोबर..." ताउनो म्हणाले.

"मी रोज तुमच्या मागोमाग येते ना? दोन्ही दाबून येते. सहा वर्षं झाली. त्या दिवशी गुडघा धरला होता, मला पाच मिनिटं उशीर झाला."

"सहा वर्षं! आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"तोंडावर कसं सांगायचं?" सेइयाबाई खरोखरच दचकून म्हणाल्या. "चिठ्ठी लिहिणार होते त्याच दिवशी. पण तुम्हीच आधी लिहिलीत."

ताउनोंनी रुसीनाला उचललं आणि ते घरी गेले. इर्मेली संध्याकाळी आली तेव्हा ते टेबलाशी बसून मोठ्या अक्षरांत काहीतरी लिहीत होते. "लाज वाटते गं मला," ते वर न बघता म्हणाले. तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि कागद वाचला. "नियम तेवीस अन्वये ताउनो केत्तुनेन यांस तीस दिवस प्रवेशबंदी. आदेशावरून, ताउनो केत्तुनेन, अध्यक्ष."

बंदी अध्यक्षांना होती, रुसीनाला नव्हती. त्यामुळे रोज आठ वाजता ती बुजवलेला बोगदा पुन्हा उकरून आत जाई आणि ताउनो जाळीबाहेर ताठ उभे राहत. पाचव्या दिवशी फलकावर हिरव्या पेन्सिलीची चिठ्ठी आली: "वजा वीसमध्ये बाहेर उभं राहून माणूस आजारी पडेल. शिक्षा कमी करायला आमची हरकत नाही." ताउनो संतापले. ही दया? कुणी मागितली होती? त्यांनी खाली लिहिलं, "नियमांत सूट देण्याची तरतूद नाही." दुसऱ्या दिवशी जाळीपलीकडून सेइयाबाईंनी कॉफीचा कप वरून दिला. तो त्यांनी घेतला. कॉफीबद्दल नियम नव्हता. पुढे पुढे सगळेच जाळीच्या त्या कोपऱ्यात उभे राहू लागले आणि हवेला नावं ठेवायची सभा तिथेच भरू लागली, अर्धी आत आणि एक माणूस बाहेर.

मधल्या काळात सर्वसाधारण सभा झाली. पहिल्या नियमाला "आत कुणी असल्यास" एवढे शब्द जोडले गेले. सूचक सेइयाबाई. अनुमोदक ताउनो.

एकतिसाव्या दिवशी ताउनो फाटकाशी आले. आत पाच माणसं, पाच कुत्री. ताउनोंनी घसा साफ केला.

"येऊ का?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. पुल्लाच्या आईने चष्मा नीट केला.

"नर की मादी?"

"सहा वर्षं!" ताउनो उसळले. "सहा वर्षं रोज बघताय तिला, आणि..." त्यांची नजर फलकावर गेली. "मादी," ते म्हणाले.

"मग या."

त्यांनी बाहेरचं फाटक ओढलं. मग टोपीची गाठ सोडली, टोपी काढून काखेत धरली आणि वजा अठरामध्ये, आपले लाल झालेले उघडे कान फाटकाशी नेऊन, त्यांनी ते जरा दाबलं.

खट्.

आतल्या सगळ्यांनी ऐकलं, पण कुणी तसं दाखवलं नाही.